आगाथाच्या घरचा नादकाटा

मी एक जुना नादकाटा आहे. माझ्या पोलादी बोटांतून एकच स्वर निघतो आणि गाणारे त्यावर आपला सूर लावतात. सध्या अमेरिकेत, नेपरव्हिलला चारुताताईंकडे असतो.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं सोव्हिएत राजवटीत, कझाकस्तानातल्या एका खेड्यात गेली. माझे मालक हेन्रिख मेनोनाइट पंथाचे. हे ख्रिस्ती लोक बंदूक धरत नाहीत आणि खोटं बोलत नाहीत. सरकारनं त्यांचं चर्च बंद करून तिथं धान्य भरलं. मग गायकवृंद हेन्रिखच्या स्वयंपाकघरात जमून दबक्या आवाजात गाऊ लागला. पेटी नव्हती, सगळी भिस्त माझ्यावर.

त्यांची मुलगी आगाथा तेव्हा सात वर्षांची होती. शाळेत बाईंनी तिला मांडीवर घेतलं, मिठाई दिली. "तुमच्याकडे कोण कोण गायला येतं गं?" तिनं सगळी नावं सांगितली.

दुसऱ्याच दिवशी पोलीस आले. "तुमच्या पोरीनंच सांगितलं," अधिकारी तिच्यादेखत म्हणाला.

"ती खरं बोलली," हेन्रिख म्हणाले. तेच त्यांचे घरातले शेवटचे शब्द. तुरुंगातून ते परतले नाहीत. आईनं आगाथाला पुन्हा कधी नावानं हाक मारली नाही.

म्हातारपणी आगाथा मुलामागून अमेरिकेत आली. इथल्या चर्चनं त्या गायकवृंदाच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठेवला. शेजारच्या चारुताताई तिला ड्राइव्ह करून घेऊन गेल्या. आगाथा मला हातात धरून बोलायला उभी राहिली, तोच तिच्याच गावचा पीटर उठला. त्या गायकवृंदात गाणारा त्याचा भाऊही तुरुंगात मेला होता.

"आधी विचारा, नावं कुणी सांगितली."

सगळे आगाथाकडे बघू लागले. आगाथा खाली मान घालून बाहेर पडली.

"मावशी, तुम्ही सात वर्षांच्या होतात," गाडीत चारुताताई म्हणाल्या.

"त्याचा भाऊ एकोणीसचा होता." तिनं मला त्यांच्या हातात दिलं. "फेकून दे."

त्यानंतर चर्चमधून तिला ना कुणाचा फोन आला, ना कुणी भेटायला आलं. हिवाळ्यात ती गेली. अंत्यविधीला मात्र चर्चचा अख्खा गायकवृंद हजर. पीटरही गायला, आणि फार सुरेल गायला. नंतर त्यांनी चारुताताईंकडे मला मागितलं, काचेच्या कपाटात ठेवायला.

"त्यांनी फेकून द्यायला सांगितलं होतं," ताई म्हणाल्या, "तुम्हाला द्यायला नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण कुणी मान खाली घालून दाराबाहेर जात असेल, तर आधी उठा आणि त्याच्यामागे जा. आम्ही कपाटात थांबू शकतो.