खाली हौद

नरसिंहरावांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर कन्नड गेलं. उजवा पाय चौदा महिन्यांत थोडाफार परतला. कन्नड परतलं नाही.

डॉक्टर म्हणाले, असं होतं, दोन भाषा बोलणाऱ्याची कधी कधी एकच आधी परतते. आता नेमकी कुठली परतावी? चामराजपेटेतल्या त्या जुन्या देशस्थ घरात मराठी म्हणजे स्वैपाकघरातली भाषा. ताक वाढ, दार लाव, पाणी आलं का. साडेतीनशे वर्षांपूर्वी पूर्वज ती घेऊन आले आणि तिने कधी उंबरठा ओलांडला नाही. बाहेर सगळं कन्नड. पाणीपुरवठा खात्यातली पस्तीस वर्षं कन्नडात, आणि निवृत्तीनंतर वाचनालयाच्या व्हरांड्यात टेबल टाकून लोकांचे अर्ज फुकट लिहून दिले तेही कन्नडात. रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव असो की गल्लीतला फुटलेला पाईप, 'रायरु आहेत की', म्हणजे आपले रावसाहेब आहेत की, असं म्हणून लोक निर्धास्त व्हायचे. आता त्या रायरांपाशी ताक आणि दार एवढंच उरलं होतं, तेही अडखळत. देवालाही थट्टा सुचते ती नेमकी अशी.

मुलगी संहिता इंदिरानगरला राहायची. तिचं म्हणणं सरळ होतं.

"अण्णा, साकु आता. केलंत तेवढं खूप झालं. माझ्याकडे चला, तिथं लिफ्ट आहे, खाली बाग आहे."

नरसिंहराव मान हलवायचे. बागेत बसून म्हातारं व्हायला ते तयार नव्हते. शेवटी बापलेकीत एक ठरलं. वॉर्ड समितीवरचं त्यांचं नाव अजून कोणी काढलं नव्हतं. एका सभेला जाऊन बघायचं. आपला काही उपयोग होतो असं दिसलं तर चामराजपेटेत राहायचं, नाहीतर मुकाट्याने सामान बांधायचं.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," संहिता म्हणाली, आणि शनिवारी तिनेच रिक्षा बोलावली.

समितीचा अध्यक्ष नागराज. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं नळांचं आणि पाईपांचं दुकान होतं, आणि पाण्याची अर्धीअधिक विद्या तो रायरांकडूनच शिकला होता. त्याने स्वतः उठून खुर्ची दिली. वाचनालयातल्या त्या सभेत विषय एकच होता. वाचनालयामागच्या मोकळ्या जागेत अंगणवाडीची खोली बांधायची. महांतेश नावाच्या तरुण इंजिनियरने नकाशा उलगडून दाखवला. चारी कडांना पाया, मधे नुसती मुरूम दाबून फरशी. सोमवारी नारळ फोडायचा.

नरसिंहरावांना समजत सगळं होतं. कान शाबूत होते, अडत होतं ते जिभेवर. नकाशा पाहिला आणि ते खुर्चीत पुढे सरकले.

त्या जागेच्या मधोमध हौद होता. दगडी, दोन पुरुष खोल, खात्याच्याही आधीचा, म्हणून कुठल्याच नकाशात नसलेला. सत्त्याऐंशी साली त्यावर लाद्या टाकून माती लोटली, तेव्हा उभं राहून ते काम करून घेतलं होतं नरसिंहरावांनी. हौद बुजवला नव्हता, नुसता झाकला होता. त्या वेळचे बाकीचे सगळे देवाघरी गेले होते. आता त्या लाद्यांवर फरशी येणार आणि फरशीवर मुलं बसणार.

"रायरे," नागराजने कन्नडात विचारलं, "तुम्हाला त्या जागेची खडान्‌खडा माहिती. काही अडचण?"

हौदाला कन्नडात शब्द आहे. हजार वेळा लिहिलेला शब्द. नरसिंहरावांनी तो शोधला. घामाघूम झाले, पण शब्द सापडेना. मग त्यांच्याकडे होता तो त्यांनी दिला.

"खाली," ते म्हणाले. "खाली... हौद."

आता गंमत पाहा. मराठीत खाली म्हणजे तळाला, पण कन्नडात खाली म्हणजे रिकामं. मराठीत हौद म्हणजे पाण्याचा हौद, आणि कन्नडात हौदु म्हणजे हो. शेवटचा उकार कोण इतका कान देऊन ऐकतो? त्यातून तो पक्षाघाताच्या तोंडून आलेला. सगळ्यांनी ऐकलं ते असं, की जागा रिकामी आहे, हो.

टाळ्या पडल्या.

"हौद!" नरसिंहराव पुन्हा म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी टेबलावर थाप मारली. टाळ्या आणखी वाढल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजारानंतर ते असं पटकन यायचं, अडवता यायचं नाही, आणि आता ते संतापाचं होतं. लोकांना वाटलं, रायरांना गहिवरून आलं. नागराजने वहीत लिहून घेतलं की जागा खाली असल्याची खात्री नरसिंहरायरांनी स्वतः दिली. पस्तीस वर्षांत त्यांचा शब्द कोणी खोटा मानला नव्हता, तर तो या घटकेला कोण मानणार? करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

व्हरांड्यात बसलेल्या संहिताने ते बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा पाहिला.

"काय झालं, अण्णा?"

"खाली हौद," ते म्हणाले. "पोरं."

तिला लगेच कळलं. घरातलीच भाषा ती. कशाच्या खाली, कुठला हौद, चार प्रश्नांत तिने सगळं काढून घेतलं आणि तिथूनच नागराजला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"संहिताक्का, सगळ्यांसमोर त्यांनी स्वतः सांगितलं की जागा खाली आहे. आता एवढ्या आजारात माणसाला काहीबाही आठवतं. त्यांना त्रास देऊ नका. स्वल्प विश्रांती घेऊ दे."

संहिताने फोन ठेवला आणि ते जसंच्या तसं बापाला सांगितलं. नरसिंहरावांना हसू आलं, कडू. चुकीचं ऐकलं तेव्हा त्यांचा शब्द सोन्याचा होता, बरोबर ऐकलं तर तो आजाऱ्याचा झाला.

रविवार त्यांनी माळ्याकडे बोट दाखवण्यात घालवला. संहिताने दोन ट्रंका, एक मोडका पंखा आणि आईची शिवणयंत्राची पेटी खाली उतरवली, तेव्हा कुठे मागून ती निघाली. लोखंडी सळई, पाच फुटी. पूर्वी रस्त्याखाली पाईप कुठे गळतो ते कळायला खात्यातली माणसं अशी सळई जमिनीत रोवून तिच्या वरच्या टोकाला कान लावत.

"हे घेऊन जायचं?" संहिता म्हणाली. "अण्णा, लोक हसतील."

"हसू दे," नरसिंहराव म्हणाले. चौदा महिन्यांत त्यांचं हे सगळ्यात स्पष्ट वाक्य होतं, म्हणून तिने सळईवरची धूळ पुसायला घेतली.

सोमवारी साडेसातला राहुकाळ लागतो, त्याआधी नारळ फुटायला हवा होता. सात वाजता पूजेचं ताट मांडून नागराज घड्याळ पाहत उभा होता. एका हाताने काठी टेकत नरसिंहराव आले, मागे सळई घेऊन संहिता. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी कणवेने पाहिलं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

कुंपणाजवळच्या करंजाच्या झाडाला पाठ लावून ते उभे राहिले आणि वाचनालयाच्या भिंतीच्या रोखाने चालू लागले. हौदावर लाद्या घालताना दोन लाद्यांमधे हवेसाठी वीतभर फट ठेवली होती आणि तिच्यावर पत्रा टाकला होता. करंजापासून बारा पावलं. हा आकडा मात्र पक्षाघाताने नेला नव्हता. बारावं पाऊल पडलं तिथे त्यांनी काठी टेकली. एका मजुराने सळई ठोकली. ती मातीत गेली, आणखी गेली, आणि मातीतच रुतून बसली.

"रायरे," नागराज हळूच म्हणाला, "सात वीस झाले."

नरसिंहराव सळईकडे बघत राहिले. हौद होता की नव्हता? की खरंच काहीबाही आठवत होतं? एवढी भीती त्यांना अतिदक्षता विभागातही वाटली नव्हती.

महांतेश जवळ आला. मान खाली घालून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं त्याने विचारलं,

"काका, शनिवारी तुमी हौदु म्हणालासा की हौद?"

नरसिंहरावांनी चमकून वर पाहिलं.

"आमी निपाणीकडचे. घरात मराठीच की," महांतेश म्हणाला. "तवाच मला शंका आली हुती. पण एवढ्या मोठ्या माणसांत कोण बोलणार? चुकलं माझं."

"हौद," नरसिंहराव म्हणाले. "पाणी. हौद."

"मग सळई का लागंना?"

नरसिंहरावांची नजर मातीवर गेली. तिथे त्यांच्या चालण्याचा माग उमटला होता, डाव्या पायाचा ठसा आणि त्याला चिकटून उजव्याची फरफट. बारा पावलं तर खरी, पण ती एकतिसाव्या वर्षाची, लांब ढांगांची होती. आजच्या बारा पावलांत ते निम्म्यावरही पोचले नव्हते. आपण चालायचो तसेच अजून चालतो, हे त्यांनी मनात धरून ठेवलं होतं. ते आता सोडावं लागलं, आणि सोडताना दुखलं.

त्यांनी महांतेशच्या पायाकडे बोट केलं, मग करंजाकडे.

"तू चाल," ते म्हणाले. "बारा."

महांतेश करंजापाशी गेला आणि ढांगा टाकत बारा मोजून थांबला. सळई त्याने स्वतः रोवली. हातभर खाली ती कशावर तरी खणकली. त्याने वरून हातोडा घातला. खाली काहीतरी फाटल्याचा आवाज आला आणि पाच फुटी सळई त्याच्या हातातून निसटून जमिनीत गडप झाली.

मग खालून, खोलवरून, पाण्याचा आवाज आला.

नागराजने नकळत दोन पावलं मागे घेतली. राहुकाळ लागून गेला तरी कोणी घड्याळ पाहिलं नाही. महांतेशने त्याला कन्नडात सगळं सांगितलं, खाली म्हणजे काय आणि हौद म्हणजे काय. नागराज ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. पूजेच्या ताटाकडे, मग त्या भोकाकडे पाहून तो नरसिंहरावांसमोर आला आणि त्याने हात जोडले.

"शनिवारची नोंद मी खोडतो, रायरे. पण पुढे तुमचं आम्हाला कळणार कसं?"

"ते मराठीत सांगतील," महांतेश कन्नडात म्हणाला, "मी कन्नडात लिहीन. ऑफिसच्या आधी तासभर मी येऊ शकतो."

नागराजने नरसिंहरावांकडे पाहिलं.

"व्हरांड्यातलं तुमचं टेबल तसंच आहे. बसणार?"

नरसिंहरावांनी तोंड उघडलं. ओठ जुळवायला वेळ लागला, पण कोणी घाई केली नाही.

"हौदु," ते म्हणाले.

संहिता पुढे आली.

"अण्णा, हौद की हौदु?"

नरसिंहरावांनी तिच्याकडे पाहिलं.

"दु," ते म्हणाले.