उत्तरेची भिंत

सांगलीबाहेरच्या एका विद्यापीठातलं दगडी ग्रंथालय पाडायचं ठरलं होतं. इतिहास शिकवणाऱ्या क्रांती माने चार वर्षं त्यासाठी भांडल्या. शेवटी दुरुस्ती मंजूर झाली आणि देखरेख त्यांच्यावरच आली.

चुन्याचं काम जाणणारा गवंडी त्यांनी जतकडून शोधून आणला. बिराप्पा. घराणं मेंढरं राखणारं, पण त्याचे वडील देवळांच्या भिंती दुरुस्त करत. वर्ष लागेल, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. उत्तरेची भिंत तेवढी राहिली असताना कुलगुरूंचा निरोप आला, महिन्याभरात तपासणी समिती येतेय, सिमेंटनं उरकून घ्या.

बिराप्पानं थापी खाली ठेवली.

"बाई, ह्या भितीत पाणी शिरतं आन् चुन्यातनंच बाहीर पडतं. शिमिटानं वाट बुजवली तर ते आतच ऱ्हाईल. मला न्हाई जमायचं."

क्रांतीबाई वर्गात हेच शिकवत. पण समितीनं नाक मुरडलं तर सगळी इमारतच जाईल, या भीतीनं त्यांनी सिमेंटच्या आदेशावर सही केली. बिराप्पा दुसऱ्या दिवशी एसटीनं गावी गेला. समितीनं फोटो काढले, कौतुक केलं.

दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला फुगवटा आला. बाईंनी कुलगुरूंना दोन पत्रं दिली, उत्तर आलं नाही. ऑगस्टमधल्या एका सकाळी भिंत कोसळली. शेजारीच शिपाई नानासो वर्तमानपत्रं लावत होते. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशीत सगळ्यांनी एकच सांगितलं, बांधकाम जुनं होतं. बाईंनीही तेवढंच म्हटलं असतं तर भागलं असतं. त्यांनी सहीचा कागद पुढं ठेवला. चौकशी समितीनं तो ठेवून घेतला. अहवालात मात्र जुनं बांधकामच राहिलं, आणि पाडण्याची शिफारस.

जेसीबी आले त्या दिवशी बिराप्पा न बोलावता आला. ढिगाऱ्यापाशी बाई उभ्या होत्या, तिथं तो गेला.

"कागद दावला म्हनं तुमी?"

"दाखवला."

"बरं केलं. पर लय उशिरा."

दुपारी दोघं मिरजेच्या दवाखान्यात गेले. नानासोंनी विचारलं, ग्रंथालय कधी उघडणार, तिथं बसून करायचं काही काम मिळेल का. बाईंनी बिराप्पाकडं बघितलं.

"आज पाडलं, गड्या," बिराप्पा म्हणाला.

नानासोंनी कूस बदलायला बघितलं. जमलं नाही. मग त्यांनी नुसतं तोंड फिरवलं.