साठ शहाण्यांचं पुस्तक

“थांब,” मावशी म्हणाली आणि तिने भाचीच्या हातातल्या पुस्तकावर तळवा ठेवला. “आत्ताचं वाक्य पुन्हा वाच.”

भाचीने मागच्या ओळीवर बोट नेलं. “‘झोप म्हणजे मेंदूने मेंदूसाठी काढलेली सुट्टी. मेंदूच नसेल, तर झोप कशाची?’”

“कोण म्हणतंय हे?”

“झोपेचे डॉक्टर आहेत. जन्मभर हेच संशोधन केलंय त्यांनी.”

नाकावरचा चष्मा काढून मावशी रुमालाने काच पुसू लागली. काच स्वच्छच होती. पण चष्म्याच्या दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाचा हात विचार करतानाही काचेकडेच जातो.

ते दुकान या खोलीच्या बरोबर खाली होतं. मेंदूज्वरातून मावशी उठली, तेव्हा जुनं सगळं तिच्याजवळ शाबूत होतं: काचांचे नंबर, गिऱ्हाइकांची नाकं, कोणाच्या चष्म्याची कोणती काडी सैल होते तेसुद्धा. नवीन मात्र टिकत नव्हतं. सकाळचं संध्याकाळपर्यंत पुसलं जायचं. दुकानात परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने शिक्षकाचा चष्मा सुताराला दिला. तो लावून सुताराने करवत चालवली, आणि त्याचं बोट थोडक्यात वाचलं. त्या दिवसापासून शटर खाली होतं. नवीन कधीतरी टिकू लागेल, कदाचित लागणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

पुस्तक भाचीने निवडलं होतं. कादंबरी चालण्यासारखी नव्हती. काल कोण मेलं ते आज आठवावं लागतं. इथे साठ शास्त्रज्ञांचे साठ लेख होते, तीन-चार पानांचे, आणि प्रत्येक जण आपल्या आधी कोणी बोललंच नाही अशा थाटात सुरुवात करायचा. मुंग्यांनंतर कृष्णविवर, कृष्णविवरानंतर पाव का फुगतो.

“साठ शहाणे एका पुठ्ठ्यात,” मामा म्हणायचे. “कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही.”

“म्हणूनच तर आणलंय,” भाची म्हणायची.

जेलीफिशवरचा लेख मावशीचा सर्वांत आवडता होता, फक्त ते तिला ठाऊक नव्हतं. जेलीफिशला मेंदू नसतो, तरी ती झोपते. हे पडताळायला एका प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसह रात्री जागून काढल्या होत्या. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, ‘सकाळी प्रयोगशाळेत झोप पूर्ण झालेला एकच जीव होता, आणि त्याला मेंदू नव्हता.’ इथे मावशी गुडघ्यावर थाप मारून हसायची. दिवस वाईट गेला की भाची हाच लेख काढायची, आणि मावशी दर वेळी पहिल्यांदाच हसायची. पुस्तकाला आता त्याच पानावर उघडायची सवय लागली होती.

मामांच्या वाट्याला याच्या उलट आलं. दुकान मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला भाड्याने देऊ, असं त्यांनी बहिणीला सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावं लागलं, आणि तो पुन्हा तसाच उतरला. मग त्यांनी सांगणंच सोडलं. आज तो माणूस किल्ली न्यायला येणार होता. मामा खिडकीपाशी बसून जुडग्यातून ती एक किल्ली सोडवत होते. कडी घट्ट होती, नखं दुखत होती.

“मग त्या जेलीफिशचं काय?” मावशीने विचारलं.

भाचीने मान वर केली नाही. “कोणती जेलीफिश?”

“अगं, त्या बाईंची. बिनमेंदूची. ती झोपते ना? मग हे डॉक्टर असं कसं म्हणतात? एका पुस्तकात शेजारी राहून एकमेकांचं वाचलेलं दिसत नाही.”

किल्ल्यांचा आवाज थांबला.

“जुनं कुठलंतरी आठवलं असेल तुला, चिमे,” मामा म्हणाले. “शाळेतलं.”

“शाळेत बेडूक होता, दादा. तोही तू माझ्या दप्तरात टाकलेला.”

भाचीला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. पण एका निरीक्षणावरून निष्कर्षावर उडी मारायची नाही, हे साठ शास्त्रज्ञ वाचून तिच्या अंगात मुरलं होतं. तिने पुस्तक सैल सोडलं. ते आपलं आपण जेलीफिशच्या पानावर उघडलं. तिने लेख पहिल्यापासून वाचला, नेहमीच्याच आवाजात, आणि शेवटच्या वाक्यात नेहमीच्याच जागी थांबली. “‘…आणि त्याला मेंदू नव्हता.’”

मावशीचा हात गुडघ्यावर होता. तो हलला नाही.

“हसली नाहीस?” भाचीने विचारलं.

“किती वेळा तेच ते! चांगला आहे गं विनोद, पण शिळा झाला की.”

भाचीच्या तोंडून हसू फुटलं. मामांनी आधी खोकल्यासारखं केलं, मग तेही हसू लागले, डोळे पुसत, मोठ्याने. विनोद सपशेल पडला होता आणि खोली हसत होती.

“दोघांना झालंय काय?” मावशी म्हणाली.

तेवढ्यात खाली शटरवर थाप पडली. मामांनी शेवटचा झटका देऊन किल्ली कडीतून सोडवली.

“मोबाइलवाला आला वाटतं,” मावशी म्हणाली.

हे तिला आज कोणी सांगितलं नव्हतं. काल मामा गॅलरीत त्याच्याशी फोनवर बोलले होते, दार लोटून, एवढंच.

तिने चष्मा नाकावर चढवला, उजवा हात भावापुढे केला आणि तळवा उघडा ठेवला. मामा त्या तळव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी किल्ली त्यावर ठेवली आणि खिडकीतून वाकले.

“माफ करा हो! आज नाही जमायचं!”

“मग उद्या येऊ?” खालून आवाज आला.

मामांनी मागे वळून बहिणीकडे पाहिलं. तिने मूठ मिटली होती.

“उद्या या की!” ते ओरडले. “उद्या दुकान उघडं असेल. डोळे तपासून घ्या!”

“वाच गं,” मावशी भाचीला म्हणाली. “डॉक्टरांचं अर्धंच राहिलंय. शेवटी तरी चूक कबूल करतात का, बघू.”