नाथाजींचं अर्धं मिनिट

माधवनगरच्या त्या गल्लीत गोल आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. बंद पडलेल्या मिलच्या मैदानावर मॅच असली, की गोल झाल्याबरोबर फटाक्यांची माळ लागे. माधवनगरचा गोल असेल तर माळेबरोबर हलगी वाजे, पाहुण्यांचा असेल तर नुसतेच फटाके. तीच मॅच मोबाइलवर बघणाऱ्याला तो गोल अर्ध्या मिनिटानं दिसे, कारण मैदानावरचं चित्र फोनपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येकाला गोष्टीचा शेवट आधी कळायचा आणि गोष्ट मागाहून. अपवाद एकट्या नाथाजींचा.

नाथाजी तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. तोफांनी त्यांना पेन्शन दिली आणि कान काढून घेतले. कानांबरोबर तोलही गेला. गर्दीत उभं राहिलं की गरगरायचं. एकदा मैदानाच्या पायऱ्यांवरून ते पडले, तेव्हा मुलानं, शंभूराजनं, त्यांचं मैदानावर येणं बंद केलं. नाथाजी कधी कोणाचं ऐकणारे नव्हतेच, आता तर ऐकूही येत नव्हतं. पण हे मात्र त्यांनी मानलं, कारण शंभूराज माधवनगरच्या संघाचा गोलकीपर होता आणि बाप पायऱ्यांवर डुलतोय या काळजीत तो चेंडू सोडेल, ही भीती खुद्द नाथाजींनाच होती.

मग मॅचच्या दिवशी ओसरीत खुर्ची यायची. समोर कठड्यावर तांब्याला टेकवून मोबाइल. बाहेर फटाके वाजले, की गल्ली धावत नाथाजींच्या खुर्चीमागे गोळा व्हायची. गोल ठाऊक असायचा. बघायचा असायचा तो गोल नाथाजींना दिसतानाचा. ते आधी पुढे झुकत, मग ताठ होत, मग मांडीवर अशी थाप मारत की तांब्या हले. शेजारच्या बनुबाईंनी एक नियम करून ठेवला होता : नाथाजींच्या समोर कोणी जायचं नाही, तोंडावरून त्यांना कळतं. नियम कोणी मोडत नसे, कारण बनुबाईंशी वाकडं घेऊन त्या गल्लीत राहता येत नव्हतं.

मॅच दाखवणारं हे अ‍ॅप साताऱ्यात तयार व्हायचं. पोवई नाक्याजवळ टायरच्या दुकानावर दोन खोल्या, तिथे दिग्विजय नावाचा मालक आणि हाताखाली मोजकी माणसं. अ‍ॅप दिसावं कसं, बटण कुठे असावं, बघणाऱ्याला काय कधी कळावं, हे सगळं ठरवणारी मुलगी म्हणजे उत्कर्षा, नाथाजींची थोरली. वडिलांशी फोनवर बोलणं आता शक्य नव्हतं. गोल झाला किंवा शंभूनं चेंडू अडवला, की नाथाजींचा तिला मेसेज यायचा. ‘शंभूनं अडवला. डाव्या हातानं.’ एवढाच. सैन्यातला माणूस, शब्द जपून वापरायचा. पण बाप-लेकीत बोलणं म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच, आणि उत्कर्षा त्यावर समाधानी होती.

दिग्विजयची तक्रार अशी, की सांगलीकडची माणसं मॅच मध्येच सोडून जातात. बाकीच्यांनी मोबाइलच्या रेंजला दोष दिला. उत्कर्षानं मात्र एक नवी सोय सुचवली. मैदानावर गुण टिपणारा माणूस गोल झाल्या क्षणी बटण दाबतो. ते चित्राच्या कितीतरी आधी पोचतं. मग त्याच क्षणी फोन थरथरू दे. आपला गोल असेल तर एकदा लांब, समोरच्यांचा असेल तर दोनदा आखूड. मनात तिच्या आबाच होते. सगळ्या गल्लीला आधी कळतं आणि आपल्या बापाला तेवढं कळू नये, हे तिला फार लागायचं. दिग्विजयला ती कल्पना भलतीच आवडली. सगळ्यांच्या आधी गोल आपल्याकडे, असं तो येईल त्याला सांगत सुटला.

सोय सुरू झाली आणि नाथाजींचे मेसेज थांबले. पहिल्या मॅचनंतर उत्कर्षाला वाटलं, विसरले असतील. दुसऱ्या मॅचनंतर तिनंच विचारलं, तर उत्तर आलं, ‘बघितली. बरी झाली.’ मग एक दिवस बनुबाईंचा फोन आला. बनुबाई कामाशिवाय फोन करणाऱ्या नव्हत्या.

“तुझ्या आबानं खुर्ची आत घेतली बघ,” त्या म्हणाल्या. “मॅच लागली तरी भाईर येत न्हाईत. काय झालंय इचारलं, तर म्हणत्यात, त्यात काय बघायचं हाय आता.”

करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे फोन ठेवताना उत्कर्षाच्या ध्यानात आलं. पण नेमकं काय झालं ते कळत नव्हतं. बापाचं उरलंसुरलं बोलणं आपण आपल्या हातानं बंद केलं, एवढंच तिला टोचत राहिलं.

उपांत्य सामन्याच्या दिवशी ती माधवनगरला आली. खुर्ची तिनंच ओसरीत मांडली आणि आबांना हाताला धरून बसवलं. ते लेकीच्या शब्दाखातर बसले. थोड्या वेळानं मैदानाकडून माळ कडाडली, हलगी घुमली, आणि त्याच क्षणी कठड्यावरचा फोन लांब थरथरत सरकला. नाथाजींनी तो उचलला आणि पालथा घातला.

“सांगून टाकतंय ते,” ते म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज नेहमीच चढा असे, त्यामुळे ते गल्लीभर ऐकू गेलं.

उत्कर्षा ओशाळली. तिनं फोन हातात घेऊन थरथर बंद केली, तो पुन्हा तांब्याला टेकवला आणि गल्लीच्या नियमाप्रमाणे मागे जाऊन बसली. खेळ चालू राहिला. मग पुन्हा मैदानावर माळ लागली, हलगीसकट. आणि तेव्हा तिला ते दिसलं. नाथाजींची नजर फोनवरून उठून वर गेली होती, मिलच्या पत्र्याकडे. पत्र्यावरची सगळी कबुतरं एकदम उडाली होती. नाथाजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले, खाली वाकले आणि फोनवर डोळे लावून बसले. त्या अर्ध्या मिनिटात त्यांचा श्वाससुद्धा जपून चालल्यासारखा वाटत होता. मग चित्रात गोल झाला, मांडीवर थाप पडली आणि तांब्या हलला.

म्हणजे काहीतरी झालंय हे त्यांना दर वेळी आधीच कळत होतं. गल्ली समजत होती की सुभेदारांना पत्ता नाही. फक्त कबुतरं आपला गोल आणि त्यांचा गोल असा भेद करत नाहीत.

मॅच संपल्यावर तिनं फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे धरलं : कबुतरं बघता होय?

नाथाजी हसले. चोरी पकडली गेल्यासारखे थोडे खजीलही झाले. मग म्हणाले, “गोळा सुटला, एवढं तोफेवरच्या माणसाला कळतं. कुठं पडला, ते मागनं कळतं. तेवढा येळ लय भारी असतो, पोरी. तुझ्या फोननं त्यो खाल्ला.”

साताऱ्याला परतल्यावर तिनं आपलीच सोय मोडून नवी केली. आता थरथर एकच आणि आखूड. गोल असो, पेनल्टी असो, नाहीतर गोलकीपरनं अडवलेला चेंडू असो, फोन इतकंच सांगणार की इकडे बघ. काय झालं ते सांगणार नाही, आणि चित्र पोचल्याशिवाय गुणही बदलणार नाहीत. दिग्विजयनं कपाळाला हात लावला. सगळे आधी सांगण्यासाठी धडपडतायत आणि आपण मुद्दाम मागे राहायचं, हा शहाणपणा त्याला पटेना. उत्कर्षानं वडिलांचं नाव काढलं नाही. ती एवढंच म्हणत राहिली की शेवट कळल्यावर माणूस उठून जातो आणि सांगलीकडची माणसं त्यामुळेच उठतात. शेवटी फायनलपुरतं करून बघू, पुढचं पुढे, असं म्हणून त्यानं विषय संपवला.

फायनल मिरजेच्या संघाशी होती. उत्कर्षा पुन्हा माधवनगरला आली आणि आबांच्या फोनची थरथर तिनं परत चालू केली. खुर्ची नाथाजींनी स्वतः बाहेर काढून ठेवली होती. मागे गल्ली गोळा झाली. मॅच बरोबरीत आणि वेळ संपत आलेली असताना फोन आखूड थरथरला. काही वेळानं पडद्यावर दिसलं : मिरजेला पेनल्टी मिळाली होती. गोलात शंभूराज एकटा उभा होता. म्हणजे मैदानावर तो चेंडू एव्हाना मारला जात असणार. कोणत्याही क्षणी माळ लागेल, पेनल्टी आत गेली तरी आणि शंभूनं अडवली तरी, आणि हलगी वाजते की नाही यावरून सगळ्यांना सगळं कळेल. आबा सोडून.

उत्कर्षानं दोन्ही कानांत बोटं घातली, कोणाचं तोंड दिसू नये म्हणून मान इकडेतिकडे वळवली नाही आणि नुसती आबांच्या खांद्यावरून पत्र्याकडे बघत राहिली. बनुबाईंनी तिच्याकडे वेड लागल्यासारखं पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनीही पदर कानांवर घट्ट दाबून धरला.

कबुतरं उडाली. फोन थरथरला. नाथाजींनी खुर्चीचे हात धरले. उत्कर्षाच्या छातीत इतकं धडधडत होतं की कानातल्या बोटांना ते लागत होतं. इतकी वर्षं तिनं भावाच्या मॅचेस बघितल्या होत्या. त्याच्यासाठी अशी भीती मात्र पहिल्यांदाच वाटत होती.

पडद्यावर मिरजेचा खेळाडू धावत आला. शंभूराज उजवीकडे झेपावला, बरोबर बाजूला. चेंडू त्याच्या बोटांना लागला आणि तरीही जाळीत गेला.

नाथाजी हलले नाहीत. मग त्यांनी सावकाश तांब्याजवळचा मोबाइल उचलला आणि एका बोटानं काहीतरी टाइप करू लागले. उत्कर्षानं कानांतली बोटं काढली, तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन थरथरला.

‘गेला. हात लागला होता.’

ती त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर बसली होती. तिनं तिथूनच उत्तर लिहिलं : ‘हो आबा. मीपण आत्ताच बघितलं.’