वारज्याच्या मैदानावरचा कललेला खांब

मित्रांनो, नववीतली चैताली वारज्याच्या आमच्या मैदानावर पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या पदरात काय पडणार होते ते आधी सांगतो. शाळेचा जिना चढताना मधेच दम खात थांबावे लागणार नाही, एवढेच. तिच्या वजनावरून बाबांना बसणारी डॉक्टरांची बोलणी टळणार होती आणि भीमराव सरांना संघातली नववी खेळाडू मिळत होती. माझा फायदा शून्य. मी तिथला एक जुना खो-खोचा खांब आहे.

मी सागवानाचा. सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले, सरांनी मैदानात गाडले. खो-खोत पाठलाग करणारीला मधेच मागे फिरता येत नाही. फिरायचे तर खांबापाशी येऊन. म्हणून मुली मला धरून गर्रकन वळतात. सामन्यात माझे कौतुक फार. सामना संपला की गणपती मंडळाच्या मांडवाचे दोर मलाच, वाढदिवसाचे फ्लेक्स मलाच. दोर सोडून सगळे घरी जात. ओढाताणीने सैल झालेली माझ्या बुडाची माती दाबायला कोणी थांबत नसे.

चैतालीला माझ्या शेजारच्या चौकात बसवले. तिला खो कोणी देतच नसे. व्यायामाला येऊन ती नुसती बसून राही.

"पायल, मला खो का देत नाहीस गं?" तिने एकदा विचारले.

"अगं, तू उठेपर्यंत रनर कात्रजला पोचेल."

"मग तू बस माझ्या जागी. तोंडाला तरी विश्रांती मिळेल."

सरांनी ते ऐकले. दुसऱ्या दिवसापासून चैतालीला खो द्यायचाच, असा त्यांनी दंडक घातला. पोरगी धावू लागली. आधी पोटऱ्या भरून येत, धाप लागे. हळूहळू तिचा दम टिकू लागला. वजनाचा काटा फारसा हलला नव्हता, पण ती हलत होती.

मग एका सराव सामन्यात पळणारी अगदी हाताशी आली. चैतालीने वळण्यासाठी मला धरले आणि मी तिच्यासकट कललो. ती आपटली, कोपर सोलले.

"खांबच पाडला की हिने!" पायल ओरडली. "सर, आता लोखंडी बसवा!"

सगळ्या हसल्या. चैतालीने सॅक उचलली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी आली नाही, पुढेही नाही. मला तोंड असते तर बोललो असतो.

शेवटी सरांनी मला सरळ केले. "पायल, जरा धरून वळून दाखव."

पायल म्हणजे नुसती काडी. तिने धरले, मी तसाच कललो.

सर म्हणाले, "पायल, तुझं वजन वाढलेलं दिसतंय."

कोणी हसले नाही. संध्याकाळी पायल चैतालीच्या दारात उभी राहिली. "चल ना. खांब आधीपासूनच ढिला होता. मी उगाच बोलले."

"आधी तो नीट गाडा. मग बघू."

मंडळाच्या पोरांनी मुरूम आणला, मुलींनी तो माझ्या बुडाशी धुमसाने ठोकून बसवला. चैताली आली, सगळा भार टाकून मला धरले आणि वळली. मी जागचा हललो नाही. ती आता रोज येते.

मित्रांनो, खेळताना कोणी पडले, तर हसण्याआधी खांबाचे बूड तपासा. इथे दोर मंडळाने बांधले, माती दाबायला सगळेच विसरले, हसला अख्खा संघ. कोपर तेवढे एकट्या चैतालीचे सोलले.