उघाडीची पाळी

केरूच्या शोकसभेला गावाने मांडव घातला होता आणि पेणहून लाऊडस्पीकर आणला होता. पेणजवळ रामवाडीच्या नाक्यावरही श्रद्धांजलीचा फलक लागला होता. त्यावर केरूचा फोटो बोटभर, आणि त्याच्या धाकट्या भावाचा, पुंडलिकचा, हातभर. केरूची बायको सगुणा पहिल्या रांगेत बसली होती. नवऱ्याला जाऊन एकवीस दिवस झाले होते, आणि हे सगळं बघून तिला शिसारी येत होती.

माईकवर पुंडलिक होता. रामवाडीला फ्लॅट घेतल्यापासून तो गावात फक्त बोलण्यापुरता येई. दादा किती कष्टाळू, पोरीबाळींवर त्याचा किती जीव, गाव सोडून कधी गेला नाही, तीस वर्षं उघाडी त्याने एकट्याने सांभाळली, असं त्याचं चाललं होतं. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. ओहोटीला फळ्या काढून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला फळ्या बसवून खारं पाणी अडवायचं. त्याची पाळी घराघराला वाटून दिलेली. पण ज्याची पाळी त्याला नेमका ताप भरायचा, नाहीतर पाहुणे यायचे, आणि केरू निघायचा. रोह्याच्या एका कंपनीत त्याला कायमची नोकरी लागली होती. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, शिफ्ट काही सरकत नाही, म्हणून हा शहाणा नोकरी सोडून आला आणि दोन्ही पोरींची लग्नं मिठागरावर खपून केली.

नोकरीची गोष्ट पुंडलिकने फार रंगवून सांगितली आणि कोरडेच डोळे रुमालाने टिपले. ती नोकरी सोडली म्हणून सगुणाने तेव्हा चार दिवस चूल पेटवली नव्हती, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

सर्वपित्रीला सगळे घरी सापडतात म्हणून सभा आज ठेवली होती. अमावास्येला भरदुपारी खाडीला उधाण येतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तीस वर्षांत तशी गरजच पडली नव्हती. पौर्णिमेचं उधाण सगुणाने सुतकात, एकटीने निभावलं होतं. आज पहाटे कोणीतरी मासे धरायला फळ्या काढून तशाच बांधावर टाकल्या होत्या. सकाळीच तिने ते पुंडलिकच्या कानावर घातलं, कारण आजची पाळी त्याच्याच घरची होती. तो म्हणाला, सभा तर होऊ दे.

भात नुकतंच निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. खारं पाणी शिरलं की हे पीक गेलंच, वर दोन-तीन वर्षं जमीन नासली. उघाडीला लागून पहिलं शेत सगुणाचं होतं. रोह्याहून आलेली थोरली लेक नमिता कानाशी लागली, आई, आपण दोघीच जाऊन फळ्या बसवू. सगुणाने तिला हाताला धरून खाली बसवलं. एवढे कौतुक करणारे आहेत, तर यातला एक तरी उठतो का, हे तिला बघायचं होतं.

शेवटी तिलाच दोन शब्द बोलायला बोलावलं.

"भरती लागली हाय," ती म्हणाली. "उघाडी उघडी हाय. पाली पुंडलिकभावजींची हाय."

लोकांनी आदराने माना खाली घातल्या. मागून कोणी टाळ्याही वाजवल्या. वहिनी अजून दादाच्याच आठवणीत आहेत, असं सांगून पुंडलिकने माईक काढून घेतला आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

तो वक्ता बोलत असतानाच बांधाकडून एकजण पाणी शिरलं म्हणून ओरडत आला. मग पांढरेशुभ्र सदरे धावत सुटले. सगुणा सावकाश मागून गेली. तिच्या शेतातल्या लोंब्या बुडून नुसते शेंडे दिसत होते. पुंडलिक चिखलात मांडीपर्यंत रुतला होता आणि हातातली फळी पाण्याच्या जोराने निसटत होती.

"वयनी, दादा पयली फली कुठली बसवायचा?"

"येवढा वेल तुमीच सांगत व्हता ना भावजी, दादा काय काय करायचा ते."

सगुणा बांधावर बसली आणि तिथूनच एकेकाला सांगत राहिली. रुंद फळी तळाला, मग पेंढा, वर चिखल. स्वतः ती पाण्यात उतरली नाही. तासाभराने दार बंद झालं. बाकीच्यांची शेतं वाचली, तिचं गेलं. पुंडलिक छातीपर्यंत माखून वर आला आणि बाजूला उभा राहिला.

उद्याही उधाण हाय, उद्याची पाली कोणाची ती आताच ठरवा, असं सगुणाने सगळ्यांना बजावलं. मग ती नमिताकडे वळली.

"बगितलंस गो? तुज्या बापाला येवढंच करायचं व्हतं. बांधावर नुसतं बसायचं."

तीस वर्षांत तो एकदाही तिथे बसला नव्हता. याचा तिला इतका राग आला, की तिथेच, त्या सगळ्यांसमोर, ती हुंदके देऊन रडली.