इंजिनाला लागलेली सवय

"आली बघ तुझी माहेरवाशीण," फाटकातून आत येणाऱ्या गाडीकडे बघत, हातातला पाना खाली न ठेवताच उस्ताद म्हणाले. "बोळवण करावी, की आठ दिवसांत पुन्हा दारात हजर!"

धाकटा हसला नाही. गॅरेजात सगळे त्याला धाकटाच म्हणत. थोरला भाऊ गाडी दाखवायला आला की फाटकातूनच "काय धाकटे?" अशी हाक मारायचा, आणि ती हाक साऱ्या गॅरेजानं उचलली होती. आता थोरला उरला नव्हता. ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाला न सांगता, तो निघून गेला होता. हा मात्र अजूनही धाकटाच होता. कुणाचा, ते विचारायचं नाही.

वहिनी गाडीतून उतरली ती दार उघडं टाकूनच.

"भावोजी, आज चौकात बंद पडली. सिग्नल सुटला, पाय ठेवला आणि हिनं जीवच सोडला. मागे ट्रक होता. मुलगी मागच्या सीटवर." तिचा आवाज शांत होता, पण किल्ली धरलेली बोटं पांढरी पडली होती. "पुढच्या वेळी ट्रकवाल्याचा ब्रेक लागेलच असं नाही."

"मी बघतो, वहिनी."

"मागच्या वेळीही तुम्ही बघतच होतात."

टोमणा त्यानं गिळला आणि स्क्रीनचं यंत्र गाडीला जोडलं. पेट्रोलचं माप किती बदललं ते सांगणारा आकडा तोच होता. उणे, आणि तोही खोल. पण फक्त गाडी उभ्या उभ्या चालू असतानाच्या कप्प्यात. धावत्या गाडीच्या कप्प्यांमध्ये सारं सुरळीत.

इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं की धाकट्याला घरात वर्षानुवर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईची आठवण होई. धुराच्या नळीत बसवलेला सेन्सर प्रत्येक घास चाखतो आणि सांगतो, पेट्रोल जास्त झालं, पेट्रोल कमी झालं. कॉम्प्युटर तेवढ्यापुरतं माप बदलतो. पण तीच तक्रार रोज आली, की हाताचंच माप बदलतं. मग कुणी काही बोललं नाही तरी हात तेवढंच घालतो. त्याला सवय लागते. या गाडीच्या हाताला कमी वाढायची सवय लागली होती, आणि म्हणून चौकात, ऐन भुकेच्या वेळी, इंजिन उपाशी पडत होतं.

प्रश्न एवढाच होता, की ही सवय तिला लावली कुणी? पेट्रोल फवारणारे इंजेक्टर त्यानं बदलले होते. टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह बदलला होता. सेन्सरही नवा घातला होता. दर वेळी गॅरेजच्या अंगणात तासभर चालवली की आकडा शहाण्यासारखा शून्याकडे यायचा. आणि घरी राहून आली की पुन्हा उणे. जणू घरी तिला कुणीतरी दुसरंच शिकवत होतं.

"वायर काढ बॅटरीची, पाटी कोरी कर," उस्ताद म्हणाले. "या गॅरेजातून कुठली गाडी वायर काढल्याशिवाय बाहेर पडते? तुझ्या घरची तेवढी पडते. लाडाची लेक!"

"आईला चालत नाही."

"आई बसते का गाडी चालवायला?"

धाकटा पुन्हा स्क्रीनकडे वळला. भाऊ गेला त्या आठवड्यात, रिकामी गाडी घरी आणून लावल्यावर, आई तिच्या टपावर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली होती. तिला काहीतरी द्यावं म्हणून तो बोलून गेला होता, की चालवणाऱ्याचा पाय कॉम्प्युटर ओळखायला लागतो, दादाचा पाय अजून आत आहे. ते अर्धंमुर्धंच खरं होतं. आईनं लगेच विचारलं होतं, "पुसलं कधी जातं?" आणि त्यानं, कारागिराच्या सवयीनं, चोख उत्तर दिलं होतं: वायर काढली तर, किंवा गाडी नुसती पडून राहून बॅटरी उतरली तर.

गाडी अंगणात चालवून, आकडा शून्याजवळ आणून, त्यानं ती परत दिली. जाता जाता वहिनी म्हणाली, "आईंना एकदा भेटून जा. डोकं फार दुखतं म्हणतात आजकाल. दुपारनंतर तर उठवतच नाही त्यांना."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका परक्या गाडीवर काम करत होता. गाडी आत, भिंतीला लागून उभी, इंजिन चालू. तिचा धूर बाहेर नेणारा जाड रबरी पाइप मागे जोडलेला. वाऱ्यानं धूळ येते म्हणून उस्तादांनी शटर अर्धं ओढलं होतं. कुणाचा तरी पाय लागून तो पाइप निसटला, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. धाकट्याच्या लक्षात आलं ते स्क्रीनवरून. आकडा त्याच्या डोळ्यांदेखत उतरायला लागला. उणे. आणखी उणे.

गाडी स्वतःचाच धूर पुन्हा आत घेत होती. त्या हवेत प्राणवायू कमी, म्हणून नेहमीचं पेट्रोल तिला जास्त होत होतं, आणि कॉम्प्युटर आज्ञाधारकपणे माप आखडत होता.

धाकट्यानं झटकन इंजिन बंद केलं. घरच्या गाडीत बिघाड नव्हताच. ती मन लावून शिकली होती. बंद खोलीतली हवा शिकली होती.

त्यानं वहिनीला फोन लावला. "वहिनी, दुपारी गाडी कुठे असते?"

"घरीच. मुलीला शाळेत सोडून, घराखालच्या शटरच्या खोलीत लावून मी बसनं कामावर येते. का?"

"किल्ली कुणाकडे असते?"

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "आईंकडे."

घरचा फोन वाजत राहिला. त्यानं उस्तादांची स्कूटर विचारल्याशिवाय घेतली.

रस्ता नेहमीचा होता. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं पेंगत होती, एक बाई गॅलरीतून चादर झटकत होती. सगळं इतकं निवांत, की आपणच काहीतरी भलतं धरून बसलोय असं त्याला वाटलं. घरासमोर आल्यावर त्यानं स्कूटर बंद केली, तरी आवाज थांबला नाही. तो आवाज खालच्या खोलीतून येत होता. शटर जमिनीला टेकलेलं होतं. त्याच्यावर हात ठेवला, तर पत्रा ताप आलेल्या अंगासारखा कोमट लागला.

त्यानं शटर वर लोटलं. आतली हवा संथपणे बाहेर आली.

आई गाडीत होती, पण चालवणाऱ्याच्या जागी नव्हती. ती शेजारच्या सीटवर बसली होती, पदर सावरून, कुणाच्या तरी सोबतीनं बाहेर निघाल्यासारखी. चालवायची सीट रिकामी होती आणि पार मागे सरकवलेली होती. वहिनीचे पाय तिथून पेडलपर्यंत पोचलेच नसते. दादाचे पोचत.

"आई!"

तिचे गाल कधी नव्हे इतके गुलाबी दिसत होते. डोळे उघडे. तिनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू," ती म्हणाली. "तो बोलतोय."

किल्ली बंद करायला त्यानं हात घातला, आणि त्याच वेळी इंजिन अडखळलं. एकदा खाली गेलं, सावरलं. पुन्हा खाली गेलं, सावरलं. दादा बोलण्याआधी घसा खाकरायचा, अगदी तसंच. असं का होतं ते धाकट्याला ठाऊक होतं. कॉम्प्युटर पेट्रोल तोडत होता, इंजिन मरायला टेकत होतं, आणि तो पुन्हा थोडं घालत होता. सगळं ठाऊक असूनही त्याचा हात किल्लीवर थबकला. पुढचं वाक्य ऐकावं, असं त्याला वाटलं. डोक्यात मऊ, जड काहीतरी उतरत होतं. त्या मागे सरकवलेल्या सीटची गादी किंचित दबल्यासारखी दिसत होती.

मग आईची मान एका बाजूला कलली, आणि त्यानं किल्ली फिरवली.

इस्पितळात आईच्या तोंडावर दोन दिवस प्राणवायूचा मुखवटा होता. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर आमच्याकडे आणायचं कारण उरलं नसतं. वहिनी बाकावर बसून होती. धाकट्याकडे न बघताच ती एकदा म्हणाली, "मला वाटायचं, किल्ली उशाशी घेऊन झोपतात नुसत्या."

आई घरी आली त्या सकाळी त्यानं गाडी उघड्यावर काढली आणि बॉनेट वर केलं. आई आपण होऊन बाहेर आली. वहिनीनं तिला खुर्ची आणून दिली, अंगावर शाल घातली.

"खरं सांग मला," आई म्हणाली. "त्याचं काही राहिलंय का यात?"

यंत्र जोडायची गरज नव्हती, तरी त्यानं जोडलं. तेवढाच वेळ. मग म्हणाला, "नाही, आई. तू रोज बंद खोलीत चालवलीस ना, त्यानं जुनं सगळं पुसलं गेलं. आता जे आहे ते तुझं आहे. तुझ्या दुपारी आहेत यात."

ती रडेल असं त्याला वाटलं होतं.

"मला कळत होतं," आई म्हणाली. "बॅटरी उतरू नये म्हणून रोज चालू करायचे मी, पण आवाज बदलत चालला होता. रोज थोडा थोडा लांब जायचा तो. म्हणून तर मी जास्त वेळ बसायला लागले. जास्त बसलं की परत जवळ यायचा."

वहिनीच्या हातातलं शालीचं टोक तसंच राहिलं.

"आई," धाकटा म्हणाला, "वायर काढू?"

आईनं सुनेकडे पाहिलं, घराच्या पायरीवर दप्तर घेऊन बसलेल्या नातीकडे पाहिलं.

"ही चौकात बंद पडते म्हणे," ती शेवटी म्हणाली. "काढ."

त्यानं नट सैल केला, वायर उचलून बाजूला धरली. आत कुठेतरी साठलेली वीज जायला थोडा अवधी लागतो. तोवर तो ती तशीच धरून उभा राहिला. मग त्यानं वायर परत बसवली आणि किल्ली फिरवली.

इंजिन चालू झालं, पण कसं? कधी उगाच चढे, कधी उगाच उतरे, कशाचाच अंदाज नसल्यासारखं. अंधाऱ्या खोलीत कुणी भिंत चाचपत चालावं, तसं. आई पुढे वाकून ऐकत राहिली.

"हा कोण रे?" तिनं विचारलं.

"अजून कुणी नाही, आई."

वहिनी गाडीत बसली. हात खाली घालून तिनं सीट पुढे ओढली. रुळावर ती खरखरत, अडत अडत आली. काच खाली करून तिनं मुलीला हाक मारली आणि अगदी हलकेच पाय ठेवला.